तुझी हजेरी मावशीच्या नावावर होती

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगायला मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा पाणी कधी आलं, आईचा गुडघा कसा आहे, एवढ्यावरच फोन ठेवला. म्हणून आज लिहायला बसले. बाबा, तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

आधी जे लपवलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली ते मी तुम्हाला चार महिने कळू दिलं नव्हतं. कंपनीतला आमचा प्रोजेक्ट बंद झाला, दुसऱ्या टीममध्ये जागा मिळत होती, ती मी घेतली नाही. विद्यापीठात इतिहासाच्या एम. ए. ला प्रवेश घेतला आणि तुम्हाला सांगत राहिले की ऑफिसात काम फार आहे. ही चूक माझी. बाबा, कळल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "एकतिसाव्या वर्षी? तेही इतिहासात?" त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाही. डेपोतले तुमचे जुने सोबती विचारतात तेव्हा तुम्ही अजून "पोरगी पुण्यात कंपनीत आहे" असं सांगता, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग नाही. माझ्या इंजिनिअरिंगसाठी तुम्ही पीएफमधून पैसे उचलले होते. पण मी इथं काय करते ते तुम्हाला नीट कळावं, असं फार वाटतं.

पहिल्या वर्षी सगळंच वाचलं. मोडी शिकले. शिवकालापासून १९५० च्या आसपासपर्यंत जी लिपी आपल्याकडच्या कचेऱ्यांत रोज चालली, ती आज वाचणारी माणसं किती थोडी उरली आहेत! पहिला कागद वाचायला मला दोन दिवस लागले. ओळीत कुठेच शब्द तुटत नाही, सगळं एकाला एक जोडून. तिसऱ्या दिवशी अचानक "बैल" हा शब्द लागला आणि मी बसल्या जागी रडले. कुणाचा तरी एक बैल, दोनशे वर्षांपूर्वीचा.

पण सांगायचंय ते दुसऱ्या वर्षाचं. लघुप्रबंधासाठी मी १९७२ चा दुष्काळ घेतला. सरांनी विचारलं, हाच विषय का? मी म्हणाले, आमचा साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका. एवढं उत्तर त्यांना पुरलं. ग्रंथालयात त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे उघडून बसले, विधिमंडळातल्या चर्चा वाचल्या. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. एवढा मोठा दुष्काळ पडूनही मोठ्या प्रमाणावर माणसं दगावली नाहीत, त्याचं बरंचसं श्रेय अभ्यासक या कामांना देतात. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम हा विचार त्यांनी लावून धरला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनं देशभरासाठी कायदा केला तो याच वाटेनं.

या कामासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आई, माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दोनशे रुपये कापलेले असायचे, फेब्रुवारीत तीनशे. सात वर्षं ती ओळ मी पाहिली आणि हे कशाचे म्हणून कधी विचारलंसुद्धा नाही. ते कळलं त्या दिवशी मी वही मिटून बाहेर वडाखाली जाऊन बसले. तू ज्या खडीवर बसलीस त्या खडीचा आणि माझ्या एसी ऑफिसातल्या स्लिपचा असा सरळ संबंध होता.

म्हणूनच दिवाळीत मी तुझ्यासमोर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग केलं. तू म्हणालीस, "त्यात काय सांगायचं? सगळ्यांनीच फोडली खडी." मग भाकरी थापता थापता पंचेचाळीस मिनिटं बोललीस. ते उतरवून काढायला मला पाच संध्याकाळ लागल्या. तू थांबलीस तिथं "थांबली" असं लिहायचं, तवा वाजला तिथं तेही लिहायचं, आपल्या मनानं एक शब्दही घालायचा नाही, असं आम्हाला शिकवलंय. तू सांगितलंस, सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून बोटांना गुंडाळायचं, तरी हातोडी निसटायची. तुझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे, ते मी लहानपणापासून बघत आले. ते तसंच असतं असं मला वाटायचं. लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, दुपारी वाटलेली सुकडी तू पदरात बांधून धाकट्या मामासाठी घरी न्यायचीस. आणि एक वाक्य तू सहज बोलून गेलीस, "वाण्याकडं ज्वारी हुती, आमच्या हातात पैका नव्हता." दुष्काळात माणूस उपाशी राहतो तो धान्य नसतं म्हणूनच असं नाही, ते विकत घ्यायची ताकद जाते म्हणूनही, हे अमर्त्य सेन यांनी जगाला पटवून दिलं. आम्ही त्यावर तीन आठवडे तास केले. मी वर्गात तुझं वाक्य वाचून दाखवलं. सर म्हणाले, पुन्हा वाचा.

मग मस्टरचा, म्हणजे कामावरच्या हजेरीपटाचा विषय निघाला. तू बारा वर्षांची होतीस, बारा वर्षांच्या पोरीला कामावर घेत नसत, म्हणून मुकादमानं तुझी हजेरी मावशीच्या नावावर लावली. याचा अर्थ असा की त्या साली माण तालुक्यात किती बाया कामावर होत्या याचे सगळे तक्ते मी धुंडाळले, तरी त्यात तू नाहीस. तू फोडलेली खडी रस्त्यात आहे, तुझं नाव कागदात नाही. तुझ्यासारख्या किती असतील? माझा सगळा लघुप्रबंध आता या एका प्रश्नावर उभा आहे. तालुक्यातल्या आणखी अकरा बायांशी बोलले. त्यातल्या चौघींची हजेरी दुसऱ्याच्या नावावर होती.

बाबा, पोटापाण्याचं तुम्ही विचाराल, ते बरोबरच आहे. खोटं सांगणार नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या निघतात, बरेच जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. मी सेट आणि नेट या प्राध्यापकीच्या दोन्ही पात्रता परीक्षा देणार आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच. डी. साठी महिन्याला सदतीस हजार मिळतात. नाहीच मिळाली तर साठवलेल्यातून अजून दीड वर्ष निघेल, हिशेब वहीत मांडून ठेवलाय, घरी आले की दाखवीन. तुमच्याकडे पैसे मागणार नाही.

अजून एक. परवा माझ्या प्रवेशाच्या फाइलमध्ये तुमच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स सापडली. जातपडताळणीसाठी काढलेली. आजवर मी त्यातली फक्त जन्मतारीख बघत आले होते. या वेळी सगळं वाचलं. जून १९७२ मध्ये तुमचं नाव कमी झालंय आणि जून १९७३ मध्ये तुम्ही त्याच शाळेत, त्याच इयत्तेत पुन्हा दाखल झालात. मधलं वर्ष कोरं आहे. तुम्ही आम्हाला त्या वर्षाबद्दल कधीच काही सांगितलं नाहीत. आईनंही नाही. छावणीवर जनावरं घेऊन गेला होतात का? की तुम्हीही खडीवर होतात?

येत्या शनिवारी दहिवडीच्या गाडीनं येते. रात्री जेवणं झाली की अंगणात खाट टाकू. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. मोबाईल तुमच्याच हातात देईन, तुम्ही म्हणाल तेव्हा बंद.

तुमची,
मनू