तीस दिवसांत लग्न उरका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मुलींशी लग्न केलेल्या अमेरिकन सैनिकांना बायकोला घरी न्यायला अडचण कसली, असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

वंशामुळे ज्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळू शकत नव्हतं, त्यांना तिथे वस्तीला यायला १९२४ च्या कायद्यानं बंदी होती. डिसेंबर १९४५ मध्ये सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी कायदा झाला आणि इंग्लंड-फ्रान्सच्या बायका बोटीत बसल्या. जपानी बायकोला मात्र वंशाची अट आडवी आलीच. २२ जुलै १९४७ ला सवलत मिळाली, तीही तेव्हापासून तीस दिवसांच्या आत लग्न झालेलं असेल तरच. आपल्या विशेष विवाह कायद्यातले तीस दिवस हरकतींसाठी असतात. इथे तेवढ्यात सगळं उरकायचं होतं!

आधी वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी. मग मुलीच्या 'कोसेकी'चा उतारा. कोसेकी म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. सातबाराच जणू, फक्त जमिनीऐवजी माणसांचा. शिवाय चौकशी, वैद्यकीय तपासणी आणि वकिलातीतली नोंद. नुसतं शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माच्या पद्धतीचं लग्न अमेरिकन दफ्तरी चालत नसे. घोडं अडायचं ते बहुतेक पहिल्याच पायरीवर: साहेब अर्ज दाबून ठेवायचा, तोवर सैनिकाची बदली व्हायची आणि मुलगी मागे राहायची, कधी कडेवर मूल घेऊन. हे वाचताना फार तुटतं. लग्नाला सरळ नाही म्हणायची गरजच नव्हती, उशीर केला की काम भागत होतं.

ऑगस्ट १९५० मध्ये पुन्हा थोडी मुदत मिळाली. वंशाची अट कायमची गेली ती १९५२ च्या कायद्यानं.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. १९५१ पासून रेडक्रॉसनं जपानात या बायकांसाठी वर्ग चालवले. अमेरिकन स्वयंपाक, बाळाची निगा, उंच टाचांच्या बुटांत चालणं, सगळं शिकवत. जमिनीवर बसून वाढलेल्या मुली त्या!

एवढं करूनही नवरा कुठल्या राज्यातला, यावर पुढचं ठरायचं. कॅलिफोर्नियातली आंतरवंशीय लग्नांची बंदी १९४८ मध्ये कोर्टानं उठवली. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र एका चिनी खलाशाचं गोऱ्या बाईशी नॉर्थ कॅरोलायनात झालेलं लग्न १९५५ मध्ये रद्दच धरलं. तिथली बंदी गेली ती १९६७ मध्ये.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ताई