परवान्यासाठी दिलेली माहिती विक्रीला कशी?

महोदय,

मोबाइलमधील ॲप आपल्यावर पाळत ठेवतात आणि त्या माहितीच्या जोरावर मोठ्या कंपन्या गडगंज होतात, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. ती रास्तच आहे. परंतु नको असलेले ॲप निदान काढून तरी टाकता येते. जिथे एवढीही मोकळीक नाही, अशा माहितीविषयी मला लिहायचे आहे.

गाडी रस्त्यावर आणायची तर आरटीओकडे नोंदणी करावीच लागते आणि ती चालवायची तर परवाना काढावाच लागतो. त्यासाठी दिलेले नाव, पत्ता, इंजिन व चासी क्रमांक, गाडीवरील कर्ज, विम्याची मुदत हे सारे ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या केंद्रीय प्रणालींत साठते. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही माहिती घाऊक स्वरूपात देण्याचे धोरण आणले आणि २०१९-२० या वर्षासाठी खासगी कंपन्यांना ३ कोटी, तर शैक्षणिक संस्थांना ५ लाख रुपये असा दर ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी यंत्रणांना या माहितीपर्यंत पोहोच दिली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ही रक्कम १११ कोटींच्या वर गेली. ज्यांच्या नोंदींवर हे पैसे मिळाले, त्यांच्यापैकी कोणाला साधे विचारल्याचेही ऐकिवात नाही.

माझ्या दुचाकीचा विमा संपायला महिना उरला, की अनोळखी क्रमांकांवरून फोन सुरू होतात आणि बोलणाऱ्याला गाडीचा क्रमांक, मॉडेल आणि विम्याची अखेरची तारीख तोंडपाठ असते. ही माहिती त्यांच्याकडे कोणत्या वाटेने पोहोचली हे मला ठाऊक नाही, त्यामुळे कोणावर ठपका ठेवण्याचा माझा हेतूही नाही. ती वाट शोधून काढण्याचे कोणतेही साधन माझ्या हाती नसावे, हाच माझा आक्षेप आहे.

व्यक्तीची ओळख पटणार नाही अशा रूपात माहिती दिली तर बिघडते कुठे, असे विचारले जाते. त्याचे उत्तर त्या धोरणातच होते. निरनिराळे संच एकमेकांशी ताडून पाहिले तर माणूस ओळखता येतो आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो, ही शक्यता त्यात मान्य केलेली होती. धोका ओळखूनही दरपत्रक निघाले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, म्हणजे त्याला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. जून २०२० मध्ये धोरण रद्द झाले हे चांगलेच झाले; मात्र तोवर बाहेर गेलेल्या प्रती कोणाकडे आहेत, हे गाडीच्या मालकाला आजही कोणी कळवलेले नाही.

हा एकच प्रसंग असता तर चूक म्हणून सोडून देता आला असता. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे मिळवता येईल, हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली. प्रवाशाचे नाव, वय, मोबाइल क्रमांक, प्रवासाचा वर्ग, पैसे भरण्याची पद्धत हे सारे अभ्यासाच्या कक्षेत होते. (गणपतीला कोकणात जाण्यासाठी पहाटेपासून आरक्षणाच्या खिडकीशी झगडणाऱ्या चाकरमान्याला आपल्या धडपडीचे एवढे मोल आहे, याची कल्पनाही नसावी.) गदारोळ झाल्यावर निविदा मागे घेतली गेली. संसदीय समितीला त्याचे कारण काय सांगितले, तर माहिती संरक्षणाचे विधेयकच सरकारने मागे घेतले आहे म्हणून. असा व्यापार मुळात गैर आहे, हे मान्य करण्याची वेळ त्यामुळे टळली.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. माहिती बाळगणाऱ्याला या कायद्याने दिलेली संज्ञा विश्वस्ताची आहे. शब्द उत्तम निवडला आहे. पूर्वी गावात कोणाच्या घरी मुंबईहून किती रुपयांची मनीऑर्डर येते, कोणाचे पत्र यायचे थांबले, हे पोस्टमनला ठाऊक असे. त्याने त्या माहितीचा बाजार मांडला असता तर गावाने त्याला उंबऱ्यावर उभे केले नसते. पण सरकारला अनुदान, दाखले, परवाने देण्यासाठी नव्याने संमती न घेता नागरिकाची माहिती वापरण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, आणि सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार कलम १७ ने केंद्राकडे ठेवला आहे. कंपनीकडून माहिती फुटली तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३ अ वगळण्याची तरतूद यात आहे, आणि खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकाला मात्र १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विकताना पैसा सरकारचा, फुटल्यावर दंडही सरकारचा, असा हा हिशेब आहे.

सक्तीने घेतलेली माहिती ज्या कामासाठी घेतली त्यापलीकडे पैशासाठी देता येणार नाही, असे स्पष्ट वाक्य कायद्यात हवे आणि दंडातील वाटा पीडिताला मिळायला हवा. त्याला वेळ लागेल हे मी समजू शकतो. एक गोष्ट मात्र आजही करता येण्याजोगी आहे. जमिनीचा व्यवहार झाला की फेरफार नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि मगच सातबारा बदलतो. माझ्या गाडीची नोंद कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी दिली, याचा असाच फेरफार मला परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर माझ्या वाहन क्रमांकासमोर पाहता यावा, आणि ‘वाहन’ प्रणाली सुरू झाल्यापासूनच्या नोंदी त्यात असाव्यात.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, सातारा