पिकअप घेण्याआधी पार्किंगचे माप घ्या

महोदय,

नाशिकच्या पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड भागातल्या रो-हाऊसच्या गल्ल्यांत रात्री पिकअप रस्त्यावरच उभ्या असतात. घराला पार्किंग असते, पण गाडी आत जात नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत एका मोटारीला 2.5 बाय 5 मीटर जागा धरली आहे. टोयोटा हायलक्स 5.325 मीटर लांब आहे, म्हणजे नियमाने बांधलेल्या पार्किंगमधूनही ती फूटभर बाहेर राहते. जागा थोडी लांब असेल आणि माप नीट घेतले, तर मात्र बऱ्याच घरांत पिकअप बसते.

रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नये. शटर ज्यांत वर-खाली सरकते त्या दोन्ही बाजूंच्या गाईडपट्ट्यांमधले मोकळे अंतर आणि आत पुढे आलेली मीटरची पेटी, पाइप हे बघावे. आत नऊ फूट मिळाले, तर हायलक्सएवढी सहा फूट रुंद गाडी डाव्या बाजूने भिंतीपासून सहा इंचांवर लावावी. चालकाला उतरायला सव्वादोन फूट तरी उरतात. शेजारी बसणाऱ्याने बाहेरच उतरावे. अरुंद गल्लीतून गाडी रिव्हर्समध्येच घालावी. तोंडाने घातली की मागचे आतले चाक वळण कापते आणि गेटच्या खांबाला पत्रा घासतो.

मागे चाकाला ठोकळा हवाच. सपाट जागी चार इंच उंचीचा ठोकळा मागच्या टायरला टेकवा, बंपरच्या टोकावरून ओळंबा सोडा. ठोकळ्याच्या पुढच्या कडेपासून ओळंब्यापर्यंतच्या अंतरात चार इंच मिळवून, मागच्या भिंतीपासून तेवढ्यावर तो अँकर बोल्टने पक्का करा.

उंचीत फसगत जास्त होते. भाजीचे कॅरेट भरलेली गाडी मागून दबलेली असते, म्हणून आत जाते. माल तिथेच उतरवला की स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात, मागची बाजू दोन-तीन इंच उचलते आणि निघताना मालाच्या हौद्यावरची लोखंडी फ्रेम शटरच्या ड्रमला, म्हणजे शटर गुंडाळले जाते त्या वरच्या रोलरला अडकते. म्हणून उंची रिकाम्या गाडीची धरावी. पार्किंग रस्त्यापेक्षा खाली असेल, तर एका बाजूची, पुढची किंवा मागची, चाके आत आणि दुसरी उतारावर असताना टप वर उचललेला असतो. तिथे आणखी जागा सोडावी लागते. ड्रम चौकटीच्या आत लोंबत असेल तर तो लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या पट्टीच्या वर भिंतीवर घेता येतो. पण बीम फोडून उंची कोणीही काढू नये.

सगळ्यात धोक्याची गोष्ट जमिनीखाली असते. बऱ्याच रो-हाऊसमध्ये पाण्याची टाकी पार्किंगखालीच आहे. तिच्यावर बहुधा लाइट ड्यूटी, म्हणजे अडीच टनी झाकण असते. भरलेल्या पिकअपचा निम्म्याहून जास्त भार मागच्या दोन चाकांवर येतो आणि झाकणाला रोज त्याचा दणका बसतो. किमान दहा टनी मीडियम ड्यूटी झाकण आणि तशीच चौकट बसवावी. टाकीचा स्लॅब किती भार घेतो, हे इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय चाक त्यावर नेऊ नये.

बिल्डरांनी विक्रीच्या नकाशावर नुसते ‘पार्किंग’ न लिहिता गाईडपट्ट्यांमधली रुंदी, ड्रमखालची उंची आणि टाकीची जागा व भारक्षमता छापावी. महापालिकेनेही नकाशा मंजूर करताना ती मागावी, ही विनंती.

– एक शटर फॅब्रिकेटर, अंबड, नाशिक