‘बनगरवाडी’ पोरांना पुरी वाचू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका हायस्कूलजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवाळीची सुट्टी संपत आली की नववी-दहावीची पोरं ‘पुस्तक परीक्षण’ काढून न्यायला येतात. मोबाईल पुढं करतात, त्यात पान तयारच असतं: लेखकाचा परिचय, सारांश, ‘मला आवडलेले पात्र’, ‘मिळालेला बोध’. यंदा एकाच वर्गातल्या पोरांनी ‘बनगरवाडी’चं तेच पान, वरचं नाव तेवढं बदलून, काढून नेलं. आवडलेलं पात्र सगळ्यांचं एकच, कारभारी. पुस्तक मात्र एकाच्याही हातात नव्हतं. पोरांना काय बोलायचं? शाळेनं पान मागितलं, त्यांनी पान दिलं.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. अंगानं लहान, नववीतलं पोरगं सुट्टीत आरामात संपवेल. सारांश काढायचा तर दोन ओळी पुरतात. औंध संस्थानातला एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडी त्याला आपला म्हणते, मग पाऊस दगा देतो आणि वाडी उठते. ‘बोध’ म्हणून खाली एकजूट, परोपकार वगैरे. यात खोटं काही नाही, पण यात शेकू कुठं आहे? त्याच्याकडं एकच बैल, आणि दुसऱ्या बाजूनं जू मानेवर घेते ती त्याची बायको. माडगूळकर त्यावर हळहळत नाहीत, भाष्य करत नाहीत, दाखवतात आणि पुढं जातात. आमची थोरली नववीत आहे. रात्री दुकान बंद करून आल्यावर आम्ही थोडं थोडं मोठ्यानं वाचत होतो. तिथं ती थांबली. ‘‘शेकूला लाज नाही वाटली?’’ म्हणाली. लसूण सोलत बसलेली माझी आई म्हणाली, ‘‘लाज धरली असती तर रान तसंच पडलं असतं की गं.’’ त्यावर दोघींचं जे जुंपलं, ते कुठल्या परीक्षणात बसणार?

आईचं माहेर दुष्काळी जतकडचं. वाडी उठायला लागते ती पानं वाचताना तिनं आपण होऊन बहात्तरच्या दुष्काळाचं काढलं. खडी फोडायला जाणं, सुकडीसाठी, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या पौष्टिक खाण्यासाठी, रांगेत उभं राहणं. मी तिचा मुलगा, पण माझ्याही कानावर हे कधी आलं नव्हतं. कोल्हापूरच्या पोरांना पाण्याची भीती ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा गावात शिरलेली त्यांनी पाहिली. पण पाणी नाही म्हणून चालतं-बोलतं गाव रिकामं होतं, हे राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या पोराला कोण सांगणार? भूगोलाच्या पुस्तकात ‘अवर्षणप्रवण क्षेत्र’ असं येतं, पोरं ते पाठ करतात.

तालमीचंही तसंच. मास्तरच्या डोक्यातून निघतं म्हणून वाडी अंगमेहनत करून तालीम बांधते, आणि ती उघडायला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. आपल्याकडं पेठेपेठेत तालीम आहे, वर्गणी आहे, मंडळं आहेत, खासबागचं कुस्तीचं मैदान आहे. त्यामुळं ही पानं इथल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाहीत. पुढं ती तालीम उभी असते आणि जोर काढायला माणूस उरत नाही, तेव्हा आमची थोरली काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, हे आमची पोरं निबंधात हमखास लिहितात. पण पोर शाळेत बसलं तर मेंढरामागं कोण जाणार, हा आईबापाचा सवाल या कादंबरीत समोर उभा राहतो. मास्तर त्याला भाषणानं उत्तर देत नाही.

खांडेकरांच्या गावात राहून ‘ययाती’ का नाही, असं कुणी म्हणेल. जरूर वाचावी, पण माझ्या मते कॉलेजात गेल्यावर. चौदा-पंधराव्या वर्षी पोराला आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा वाटणारा मास्तर भेटू दे. गाव आधी त्याला पोरातच काढतं, पुढं त्याच्याकडं भांडणं घेऊन येतं. राहिली भाषा. माणदेशी बोलणं आमच्या पोरांना जड जात नाही, पुण्याच्या पोरांना गेलं तर जाऊ दे.

ओळखीच्या शिक्षकांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘पोर्शन पुरा होत नाही, कादंबरी कधी वाचायची?’’ अडचण खरी आहे. म्हणून दहावीला हात लावू नका. नववीला दुसऱ्या सत्रात आठवड्यातला एक तास काढा. शिक्षकांनी वाचावं, पोरांनी वाचावं, अडलं तिथं घरी आजीला विचारून यावं. पुस्तकं शाळेच्या कपाटात असतात, कुलूप काढायचा प्रश्न आहे. नसतील तर करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं वाचनालय गावात आहे.

आणि वाचून झाल्यावर त्यावर प्रश्नपत्रिका तेवढी काढू नका, ही हात जोडून विनंती.

आपला,
एक झेरॉक्सवाला,
शिवाजी पेठ, कोल्हापूर