चौदा पाऊण साडेदहा

कासवमित्र दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही आणि गावाचंही नाही. मंडणगड तालुक्यातला एक किनारा, एवढंच लिहिते. नाव लिहिलं तर पुढच्याच शनिवारी तुमच्या सुरूच्या बनात पंधरा गाड्या आणि चार स्पीकर येऊन थांबतील, आणि त्यातली निम्मी मंडळी आमच्या नाशिकचीच असतील.

मी म्हणजे त्या रात्रीच्या सव्वीस जणांतली एक. तेवढ्याने ओळख पटणार नाही, म्हणून सांगते, खुर्चीवाल्या काकांची मुलगी.

आम्ही आलो होतो कोकण किनाऱ्याच्या कॅम्पिंग सहलीला. तीन रात्री तंबूत, हरिहरेश्वर बघून बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले. डॉल्फिन, समुद्री गरुड, कासवाची पिल्लं असं सगळं पत्रकात छापलेलं. नाशिकच्या द्वारका चौकातून रात्री बस सुटली तेव्हा आमच्या बाबांच्या मांडीवर चिवड्याची पिशवी होती आणि चेहरा सहलीला निघालेल्या शाळकरी पोरासारखा. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये उभी नोकरी मोजणीत गेली, आणि समुद्राकाठी एक रात्र झोपायचं एवढीच एक हौस शिल्लक राहिलेली.

आयोजकांचं नाव घेत नाही. ज्यांनी पैसे भरले त्यांना ठाऊक आहे. पैसे घेताना "सीनियर सिटिझन आमची खास जबाबदारी" आणि पहिल्याच थांब्यावर "काका, तुम्ही बसमध्येच थांबा, उगाच रिस्क नको." हरिहरेश्वरला बाबा बसमध्ये, बाणकोटच्या किल्ल्यालाही बसमध्ये. दोन्ही वेळा मी खाली उतरले आणि ते खिडकीतून हात हलवत राहिले. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, कारण तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं.

होळीच्या आदल्या दिवशी, फाल्गुन शुद्ध चतुर्दशीला, संध्याकाळी तुमच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्र इतका लांब गेला होता की आवाजसुद्धा पुसट. सपाट, कडक, गालिच्यासारखी वाळू. लीडर म्हणवणाऱ्या मुलाने तिथेच अकरा तंबू ठोकून घेतले आणि मध्ये पांढरे झगझगीत दिवे लावले. एका बाईंनी विचारलंसुद्धा, पाणी येणार नाही ना? "मॅडम, मागच्या वेळी पण इथेच लावले होते, काही झालं नाही." मागच्या वेळी बहुधा अष्टमी असणार. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत समुद्र अंग चोरून असतो, पुनवे-अवसेच्या उधाणाला तो हात-पाय पसरतो, हे मला आता तुमच्यामुळे कळलं. त्या मुलाला ते आधी ठाऊक असायला हवं होतं, कारण पैसे त्याने त्याचेच घेतले होते.

साडेनऊच्या सुमाराला तुम्ही आलात. टॉर्चला लाल कागद गुंडाळलेला, पायात काही नाही, कासविणीचा माग शोधत चाललेले. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग असतो म्हणे तिचा. तो दिसायच्या जागी तुम्हाला दिसले आमचे अकरा तंबू.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडायला हवं होतं खरं तर. एक तर आम्ही मादी वर येण्याच्या वाटेवर पसरलो होतो, वर ते दिवे. पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्र चुकतात, हे सांगायची वेळ तुमच्यावर किती वेळा आली असेल. तुम्ही फक्त दिवे बंद करायला लावलेत, शिंपल्या-काड्यांच्या ओळीकडे टॉर्च वळवलात आणि म्हणालात, "ही रेघ कालची हाय. आज पाणी हिच्याही वर जाणार. ही जागा समुद्राची हाय, त्याला मोकळी करून द्या." मग बाबांकडे वळून, कारण तेच एकटे नीट ऐकत होते, "काका, सोपं असतं. जी तिथी तिची पाऊणपट करायची, त्या वाजता भरती पुरी."

आणि आमचे बाबा, बसमधलं सामान झालेले आमचे बाबा, एका दमात बोलले, "चौदा पाऊण साडेदहा!"

तुम्ही हसलात. "पाऊणकी येते काकांना!" सत्तर वर्षांपूर्वी छडी खाऊन पाठ केलेली ती पाऊणकी, पाऊणपटीचे पाढे, त्यांना पहिल्यांदा कुठे उपयोगी पडली असेल तर तुमच्या वाळूत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही, तुमच्यासोबतची दोन पोरं, ओढलेल्या दोऱ्या, पळापळ. दहा वाजून गेल्यावर पाणी त्या जागेवरून असं सरकत गेलं की जणू तिथे कधी कुणी नव्हतंच. आम्ही गोदाकाठची माणसं. आमच्याकडे पाणी चढतं तेही नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला विचारून. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी वर्दी देत. इतक्या गुपचूप येणारं पाणी आम्ही पाहिलं नव्हतं. सव्वीस माणसं तुमच्या पडवीत, ओटीवर आणि खळ्यात आडवी झाली. वहिनींनी मध्यरात्री चूल पेटवून कोरा चहा केला. शिमग्याचे दिवस, घरात पालखीची गडबड, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. लीडर बसमध्ये झोपला. त्याला तुम्ही चहा नेऊन दिलात. मी दिला नसता.

पण दादा, हे पत्र त्या रात्रीसाठी नाही. जीव वाचवला वगैरे मी म्हणणार नाही, फार तर गाद्या भिजल्या असत्या, एखाददुसरा मोबाईल गेला असता. पत्र आहे सकाळच्या खुर्चीसाठी.

सातला पिल्लं सोडणार होतात. जाळीच्या कुंपणातल्या एका खड्ड्यावरची टोपली उचलली तर खाली वळवळ सुरू होती. ओहोटी उलटलेली, तरी पाणी अजून लांब, आणि वाळूतून तेवढं चालणं बाबांना शक्य नव्हतं. ते आपणहून म्हणाले, "मी इथेच बसतो, तुम्ही या जाऊन." इतकं सवयीचं झालं होतं ते त्यांना. तुम्ही काहीच बोलला नाहीत. घरात गेलात, लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आलात, दुसऱ्या हाताने बाबांचा दंड धरलात आणि चालू लागलात. दर वीस-पंचवीस पावलांवर खुर्ची ठेवायची, बाबांनी बसायचं, तुम्ही समुद्राकडे बघत उभं राहायचं, जणू दम तुम्हालाच लागला आहे. पाण्याजवळ पाय रुतायला लागले तशी खुर्चीखाली फळी सरकवलीत.

इतकं कुणीही भला माणूस करेल, असं मी मनाला सांगू शकते. त्यानंतरचं मात्र कुणी करत नाही. पिल्लांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दोरी धरली होती, तिचं एक टोक तुम्ही बाबांच्या हातात दिलंत. म्हणालात, "काका, ही बाजू तुमच्याकडे. दोरीच्या आत कुणी पाय टाकला तर हाकला. आणि पिल्लं मोजा, मला वहीत लिहायचीत."

म्हाताऱ्या माणसाला आपण मान देतो म्हणजे काय करतो? लग्नात पहिल्या रांगेत कोच देतो, बँकेत "बसा आजोबा" म्हणतो आणि मग त्यांच्या डोक्यावरून त्यांच्या मुलीशी बोलतो. मीही तेच करत आले, खूप प्रेमाने. काम कुणी देत नाही. तुम्ही दिलंत.

बाबांनी दोरी अशी धरली की बोटं पांढरी पडली. तळहातात मावतील एवढी ती पिल्लं, लाट आली की उलटीपालटी होणारी, पुन्हा सरळ होऊन चालणारी. त्यातलं हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. आमचे लीडर साहेब रील काढायला आले आणि बूट दोरीच्या आत. "ओ, पाय मागे!" असा आवाज मी घरात वीस वर्षांत ऐकला नव्हता. साहेबांनी पाय मागे घेतला. पाणी पुढे आलं तशी तुम्ही खुर्ची दोनदा मागे सरकवलीत. शेवटचं पिल्लू गेल्यावर विचारलंत, "किती काका?" "सदतीस." तुमच्या पोराने छत्तीस मोजली होती. तुम्ही सदतीस लिहिलंत. मी पाहिलं, पेनाने, खाडाखोड न करता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, वहिनींनी फक्त चहा-नाश्त्याचे घेतले, तेही मोजून. म्हणून द्राक्षांची एक पेटी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आहे. हंगाम संपत आलाय, पण माल गोड आहे. नाही म्हणू नका. मादीला, पिल्लांना द्राक्षं चालत नसतील, वहिनींना चालतील.

पाडवा होऊन तीन दिवस झाले. बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून स्वतःच्या पलंगाशेजारी लावून घेतलंय. दुपारी जेवण झाल्यावर मी म्हटलं, चला, दादांना फोन लावू, पेटी मिळाली का विचारू. ते म्हणाले, "आत्ता नको. आज चतुर्थी. चार पाऊण तीन. भरतीच्या वेळेला ते किनाऱ्यावर असतील, पाचनंतर लाव."

पाचनंतर लावते.

तुमची,
खुर्चीवाल्या काकांची मुलगी
इंदिरानगर, नाशिक