सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ असणार," असं तू लिहिलंस ते मला फार लागलं. तसं अजिबात नाही. तुझं दुखणं खरं आहे. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं फार संवेदनशील होण्याचा विकार) आतड्याला जखम नसते, त्यामुळे सोनोग्राफीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत, आणि आतडं नि मेंदू यांच्यात सतत चालणाऱ्या देवाणघेवाणीत. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्याशा गॅसने तुला कळ येते. अनेकांना हा त्रास पोटाच्या जंतुसंसर्गानंतर सुरू होतो. तुझीही सुरुवात त्या जुलाबांनंतरचीच ना?

आणि हे निदान म्हणजे काही सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं लेबल नव्हे. त्याला २०१६ चे 'रोम ४' नावाचे, तज्ज्ञांनी ठरवलेले आंतरराष्ट्रीय निकष आहेत. गेले ३ महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं का, हे आधी बघतात. मग त्या दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला किती वेळा जावं लागतं त्यातला बदल आणि मलाच्या स्वरूपातला बदल, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्रास सुरू होऊन ६ महिने तरी झालेले असावेत. तू जे लिहिलंयस ते यात बरंचसं बसतं, पण शिक्का डॉक्टरांनीच मारायचा.

एक मात्र अगदी खरं सांग. शौचातून रक्त, आपोआप घटलेलं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही आहे का? असेल तर आजच डॉक्टरांना सांग. मग तपास वेगळ्या दिशेने होतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या त्रासाचंही तेच. यातलं काही नसेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी), सीलिअ‍ॅक या गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची रक्तचाचणी आणि जुलाब असतील तर मलातल्या कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी, एवढं बहुतेकदा पुरतं. दर महिन्याला नवा स्कॅन करून भीती तेवढी वाढते.

आता खाण्याचं. दूध, गहू, कांदा, लसूण, सफरचंद, सगळंच तू सोडून बसलायस, याची मला खरी काळजी वाटते. लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी कर्बोदकं कमी केलेला आहार, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केला, पण तो जन्मभराचा उपास नाही. २ ते ६ आठवडे पथ्य, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि जे खरोखर बाधतं तेवढंच कमी ठेवायचं. तू पहिल्याच टप्प्यावर अडकलायस. आहारतज्ज्ञाला सोबत घे, नाहीतर कुपोषण व्हायचं. इसबगोल चमचाभरापासून, भरपूर पाण्याबरोबर सुरू कर. गव्हाच्या कोंड्याने मात्र फुगणं वाढू शकतं.

कळ थांबवणारी औषधं आहेत, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आहेत. डॉक्टरांनी कमी मात्रेत नैराश्यावरचं औषध लिहून दिलं तर दचकू नकोस. ते आतड्याच्या वेदनेसाठीही देतात. समुपदेशनाचंही तसंच, त्याने कित्येकांचं पोट खरोखर शांत होतं.

कधी दुखलं, काय खाल्लं, झोप कशी झाली, शौच कसं झालं, एवढं रोज वहीत लिहून ठेव आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेव. अपॉइंटमेंट कधीची ते कळव. मी सोबत येतो.

तुझाच,
अनिरुद्ध