पप्पा, तसली वेस इथं नाही

यरुशलेम, शनिवार रात्र

ती. पप्पा आणि मम्मी,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

मी मजेत आहे. हे आधी लिहून टाकते, कारण मम्मी पुढचं काही नीट वाचत नाही, नुसतं माझी तब्येत कुठं लिहिलीय ते शोधते. तब्येत चांगली आहे. वजन उतरलेलं नाही, त्या दिवशी फोनचा कॅमेरा वाकडा होता. आणि सायरनचं म्हणाल, तर टीव्हीवाले एकच धूर तीन-तीन दिवस दाखवतात. इथं सायरन झाल्यावर दीड मिनिट मिळतं आणि घरातच जाड भिंतींची, लोखंडी खिडकीची एक खोली असते. ती माझीच झोपायची खोली आहे. म्हणजे मला पळायचं सुद्धा नसतं, फक्त मी ज्यांना सांभाळते त्या आजींची चाकाची खुर्ची आत ओढून दार लावायचं. तेव्हा उगाच जागत बसू नका.

पप्पा, श्रीमंताला देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं, या येशूच्या वचनावर झावळ्यांच्या रविवारी संदेश द्यायला तुम्ही ‘सुईचं नाक’ नावाच्या वेशीचा फोटो मागितला होता. चार शनिवार शोधले. रागावू नका, पण तसली वेस इथं नाही. जुन्या शहराच्या कोटाला आठ वेशी आहेत, त्यातली एक चिणून बंद केलेली. सगळ्या बघितल्या. सुलतान सुलेमानानं 1541च्या सुमारास हा कोट पुरा केला, म्हणजे येशू ज्या वेशींतून आला-गेला त्या या नव्हेतच. आणि मोठ्या वेशीच्या पोटात एक बुटकी खिडकी, उंटाचं ओझं उतरवायचं, त्याला गुडघ्यावर बसवायचं आणि मग तो सरपटत आत जातो, ही तुमची गोष्ट येशूनंतर कित्येक शतकांनी कुणीतरी जोडलेली आहे. तशी वेस असल्याचा कसलाही जुना पुरावा नाही.

आजींच्या नातवाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, तुमचा उंट बराच, आमच्या यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथात सुईच्या नाकातून हत्ती जातो! म्हणजे अशक्य गोष्टीसाठी बोलायची ती एक रीत होती. मला वाटतं तसंच घेतलेलं बरं. दोनच ओळींनंतर ‘माणसांना हे अशक्य आहे’ असं येशू स्वतः म्हणतो. उंट जर गुडघे टेकून जातच असेल, तर मग त्या वाक्याला काय अर्थ राहिला? तुम्ही चिडणार हे माहीत आहे. वीस वर्षं मंडळीला हा उंट तुम्ही सांगितलात, मीही तो ऐकतच मोठी झाले.

फोटो मात्र एक पाठवते. ख्रिस्ताच्या कबरेच्या चर्चजवळ रशियन लोकांची एक जागा आहे. तिथं 1883 साली खणताना जुनी भिंत आणि वेशीचा उंबरठा सापडला. शेजारी भिंतीला एक अरुंद भोक आहे, माणूस अंग चोरून कसाबसा निघेल एवढं. रात्री वेस लागल्यावर उशिरा आलेला माणूस त्यातून आत यायचा, असं तिथं सांगतात, आणि त्यालाच सुईचं नाक म्हणतात. माझ्याबरोबरची केरळची मैत्रीण गेली त्यातून. मी नाही गेले. (वजन उतरलेलं नाही, वर लिहिलंच आहे.)

माझं लक्ष त्या उंबरठ्यावरच होतं. झिजून गुळगुळीत झालेला दगड. याच वेशीतून येशूला वधस्तंभाकडे नेलं अशी त्या लोकांची श्रद्धा. अभ्यासक म्हणतात बांधकाम नंतरच्या रोमी काळातलं. ते असो. पण त्यामुळे माझं एक कोडं सुटलं. कबरेचं चर्च आज कोटाच्या आत, भर बाजारात आहे. मग इब्री लोकांच्या पत्रात ‘वेशीबाहेर दुःख सोसले’ म्हटलंय ते कसं? तर त्या वेळी कोट अलीकडे होता आणि ती जागा खरंच बाहेर होती. नंतर दहा-पंधरा वर्षांत राजा अग्रिप्पानं नवीन भिंत घालायला घेतली आणि ती आत आली. म्हणजे येशू वेशीबाहेर मेला आणि वेसच पुढं सरकत त्याच्याकडे आली. आजोबांना हे सांगायला हवं होतं. ते वचन वाचताना ‘वेशीबाहेर’ला थांबायचे, चष्मा काढायचे, आणि आपली वस्ती कुठं होती हे कुणी न विचारताच सांगायचे. इंग्रजीत नुसतं ‘गेट’ वाचणाऱ्याला ते कधी कळायचं नाही.

आता मम्मी, तू विचारलं होतंस की या लोकांच्या दाराला ती तिरकी डबी कसली, व्हिडिओत दिसते ती. तिला मेझुझा म्हणतात. बोटभर लांबीची, आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. बेल नव्हे, नजर लागू नये म्हणून लावलेलं काही नव्हे. आत चामड्याची गुंडाळी असते. ‘आपल्या दारांच्या चौकटींवर व आपल्या फाटकांवर ती लिही’ असं बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सांगितलंय ना, ते हे लोक शब्दशः करतात. हातानं लिहिलेल्या 22 ओळी, 713 अक्षरं. एक अक्षर जरी चुकलं तरी सगळी गुंडाळी बाद. तिरकी का, तर एक मोठा शास्त्री म्हणाला उभी लावा, त्याचाच नातू म्हणाला आडवी लावा. मग लोकांनी दोघांचा मान ठेवून तिरकी लावली! (सगळेच नाही, काही जण उभीच लावतात.) घरातल्या प्रत्येक खोलीला असते, संडास-बाथरूम सोडून. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटांचं चुंबन घ्यायचं. बँकेच्या दाराला आहे, दवाखान्याच्या दाराला आहे, शहराच्या याफा वेशीलासुद्धा आहे. पहिल्या महिन्यात वाटलं, ही माणसं दर दाराशी भिंत का चाचपतात?

आजींचा हात तिथवर पोचत नाही. मग दर दाराशी खुर्ची थांबवायची, त्यांचं कोपर खालून उचलून धरायचं, बोटं टेकली की सोडायचं. दिवसातून चाळीस वेळा तरी होतं. आता मी एकटी जातानाही दाराशी जरा थांबते.

बाथरूमला डबी नाही, पण खरी अडचण तिथंच आहे. दार 60 सेंटिमीटर, खुर्ची 62. रोज त्यांना काखेत धरून उभं करायचं, चार पावलं चालवायचं. तेव्हा त्या ‘त्सार, त्सार’ म्हणतात, म्हणजे अरुंद. आणि दिवसभर पाय दुखले, मुलाचा फोन नाही आला, की ‘त्सारोत’ म्हणतात, म्हणजे संकटं. दोन्ही शब्द एकाच धातूचे! स्तोत्र 118 मध्ये ‘संकटात’ हाक मारली आणि देवानं प्रशस्त जागी नेलं असं आपण वाचतो ना, तिथं मूळ शब्द याच धातूचा, अरुंद जागा. आणि पप्पा, तुमच्या मास्तरकीला आवडेल असं एक. नातवानं मोबाइलवर शोधून दाखवलं की संस्कृतात ‘संकट’चाही पहिला अर्थ अरुंद असाच. मत्तयाच्या सातव्या अध्यायातल्या ‘संकोचित’ मार्गाचंही तेच. इथल्या वचनाच्या अभ्यासात सांगितलं की ग्रीकमध्ये तो शब्द दाबलेला, चेंगरलेला असा आहे, आणि क्लेशाचा शब्द त्यातूनच आला. तर उंट सोडा आणि हे सांगा मंडळीला. तुमचाच संदेश होईल.

बाकी त्याच अध्यायातल्या, नाशाकडं नेणाऱ्या रुंद दरवाजाचं म्हणाल तर मी रुंद दरवाजातूनच जाते. याफा वेस आत शिरल्यावर काटकोनात वळते, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून. तिच्या शेजारचा कोट 1898 मध्ये फोडला, जर्मनीचा कैसर बग्गीतून येणार होता. आता तिथून मोटारी जातात आणि आजींची खुर्चीही. नाशाकडं जात नाही एवढं नक्की, बेकरीकडं जातो.

आता लग्नाचं. पप्पा, पुण्याच्या पाहुण्यांना तुम्ही बसवून घेतलंत, चहापाणी झालं, पत्रिकेची तारीखसुद्धा बोललात, हे मला धाकट्याकडून कळलं. मुलगा चांगला असेल. पण रूथचा चौथा अध्याय काढून बघा. बवाज वेशीत बसतो, दहा वडील बोलावतो, पायतण काढून व्यवहार पक्का होतो. सगळे हजर, फक्त रूथ नाही. लहानपणी मला त्यात काही खटकलं नव्हतं. मी नाही म्हणत नाही. मी आल्याशिवाय हो म्हणू नका, एवढंच.

आणि येण्याचं. दोन वर्षांत येते म्हणाले होते, तिसरं संपत आलंय. परवाना एकूण 63 महिन्यांपर्यंत वाढतो, यंदाचा मी वाढवून घेतला. सांगणार होते, फोनवर जमलं नाही. एजंटानं घेतलेल्या पैशाचं कर्ज अजून फिटायचंय, आणि धाकट्याची शेवटची फी. 60,000 सोमवारी खात्यात येतील. त्यातले 22,000 सोसायटीला, बाकीच्यातून आधी मम्मीच्या पाटल्या सोडवा. छत पावसाळ्यानंतर बघू. नाताळला यायचं चाललंय, आजींच्या मुलीशी बोलते. नक्की नाही.

धाकट्याला अभ्यास कर म्हणावं.

तुमची,
बेबी

ता. क. मम्मी, पाटल्या सोडवल्या की कपाटात ठेवू नकोस, हातात घाल. व्हिडिओवर मी बघणार आहे.